पट पूर्ण झाल्याशिवाय चहा नाही

आधीच सांगते, माझं अक्षर म्हणजे कोंबडीने माती उकरावी तसं आहे. पहिली वेलांटी कुठे द्यायची आणि दुसरी कुठे, हे मला शाळेत असतानाही कळलं नव्हतं. चौथी झाली आणि शाळा सुटली, त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा चुका असणारच. ही वही नातीची आहे. तिने पुढची पानं भरली, मागची कोरी राहिली, त्यावर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. तरी कोणाच्या हाती पडलीच तर माफ करावं.

लिहायला कारण झालं. मागच्या आठवड्यात एक तरुण शिक्षक आमचं घर शोधत आला. मोठे गुरुजी वारले, त्यांच्या आठवणींची पुस्तिका काढतो आहोत, म्हणाला. "मावशी, तुम्ही त्यांच्या परिषदांचा स्वयंपाक करायच्या ना? दोन आठवणी सांगा की. चांगल्या."

मी म्हटलं, "चांगले होते," आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेले. गॅसवर दूध नव्हतंच. तो थोडा वेळ बसला, पाणी प्यायला आणि गेला. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. हे लहानपणापासूनचं आहे, आणि त्याने माझं काय नुकसान झालं ते पुढे येईलच.

मोठे गुरुजी म्हणजे आमच्या भागातल्या बारा शाळांवरचे साहेब. सरकारी नाव केंद्रप्रमुख, पण गावात सगळे मोठे गुरुजीच म्हणायचे. आमचं गाव त्र्यंबकच्या रस्त्यावरून आत, डोंगराच्या कडेला. भात आणि नागली एवढंच पिकायचं. दिवाळी झाली की अर्धं गाव द्राक्षांच्या बागांना कामाला जायचं, आणि आईबाप गेले की मुलंही जायची. शाळेत शिक्षक आणि फळा राहायचा. मोठ्या गुरुजींना याच एका गोष्टीचं वेड लागलं होतं. मुलं शाळेत हजर पाहिजेत. शिकतात किती, ते नंतर बघू म्हणायचे. "आधी आणून बसवा. बसलेलं मूल कधीतरी शिकतं. न बसलेलं काय शिकणार?"

महिन्यातून एकदा बाराही शाळांचे शिक्षक आमच्या शाळेत जमायचे. त्याला शिक्षण परिषद म्हणत. विषय एकच, हजेरी कशी वाढवायची. भिंतीवर तक्ते लावलेले असत आणि मधोमध मोठे गुरुजी उभे, हातात शिक्षकांच्या नावांची यादी. शाळेच्या यादीतल्या सगळ्या नावांना पट म्हणतात. पट पूर्ण झाल्याशिवाय चहा द्यायचा नाही, अशी मला सक्त ताकीद होती. लांबच्या पाड्यावरचा एक शिक्षक दर वेळी उशिरा यायचा, दर वेळी त्याच्या सायकलची साखळी पडलेली असायची. तोवर तीस माणसं कोरड्या घशाने बसलेली. मी चहा उतरवायची, झाकायची, पुन्हा चढवायची. तिसऱ्यांदा उकळला की त्याचा काढा व्हायचा.

एकदा एक शिक्षिका वैतागून म्हणाल्या, "सर, निदान आलेल्यांना तरी द्या."

"आलेल्यांना दिला तर न आलेल्याला काय वाटेल?"

"त्याला काय वाटणार? तो आलाच नाही!"

"म्हणूनच," मोठे गुरुजी म्हणाले.

त्या बाईंनी रिकामा कप पालथा घातला. त्यांच्याशी बोलताना नेहमी असंच व्हायचं. समोरचा गप्प बसायचा, पण त्याला पटलेलं नसायचं.

आणि परिषदेच्या दिवशी बारांपैकी निम्म्या शाळांना कुलूप असायचं. दोन शिक्षकांची शाळा, दोघेही इकडे आलेले, हजेरीवर विचार करायला. मुलं दारापर्यंत येऊन परत जायची. हे मला दिसत होतं. पण चहावालीने कोणाला सांगायचं?

त्यांच्या कापडी पिशवीत एक गजराचं घड्याळ असे. हातात बांधायचं नव्हे, टेबलावर ठेवायचं, वर दोन वाट्या असलेलं. रोज सकाळी दहा चाळीसला ते वाजे, कारण ती शाळेच्या प्रार्थनेची वेळ. गुरुजी जिथे असतील तिथे वाजे. एसटीत वाजे, बँकेत वाजे. आमच्या सरपंचांची आई गेली, माणसं सरणाभोवती उभी होती आणि पिशवीत घड्याळ खणखणलं. गुरुजींनी ते बंद केलं नाही. ताठ उभे राहिले, डोळे मिटले. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या शाळेच्या पोरांनीही सवयीने हात जोडले. एक म्हातारा म्हणाला, "चांगली शिस्त लावली हो पोरांना." गुरुजींनी डोळे उघडले आणि पोरं मोजली. मग म्हणाले, "सात जण इथे आहेत. शाळेत कोण आहे?" आणि सातही पोरांना तिथून हाकत शाळेत घेऊन गेले. सरपंच ते कधी विसरले नाहीत.

मूल शाळेत येत नसेल तर ते त्याच्या दारात जाऊन बसायचे. रागवायचे नाहीत, समजावायचे नाहीत. नुसते बसायचे, आणि मूल दप्तर घेऊन निघेपर्यंत अन्नाला शिवायचे नाहीत. घरच्यांना लाज वाटायची. मास्तर उपाशी दारात आणि आपण आत जेवतो कसे?

आमच्या दारातही ते असेच बसले. हिरा, माझी थोरली, तेव्हा चौथीत होती. त्या वर्षी भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, मी तिला धाकट्याजवळ ठेवलं, पुढे तिला कावीळ झाली, असे बरेच दिवस बुडाले होते. दिवाळी झाली आणि मालकांनी, म्हणजे हिराच्या बापाने, बागांना जायचं ठरवलं. भांडी बांधून ठेवली. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर मोठे गुरुजी, मांडीवर पिशवी.

मालक म्हणाले, "गुरुजी, उठा. भाकर खा."

"हिरा शाळेत गेली की खातो."

"आमी चाललो बागांना. ती काय एकटी ऱ्हाईल?"

"तुम्ही जा. हिराची आई राहील."

"आन् ती खाईल काय?"

"परिषदांचा स्वयंपाक तिला देतो. शिक्षक वर्गणी काढतील. रोख देईन." मग बोट वर करून म्हणाले, "आणि हजेरीचा रुपया आहेच."

हा रुपया म्हणजे काय, ते सांगते. आमच्यासारख्या घरच्या मुलींना तेव्हा सरकार शाळेत हजर राहिल्याच्या दिवसाला एक रुपया द्यायचं. वर्षाच्या शेवटी एकदम मिळायचा. पण चार दिवसांतले तीन दिवस तरी हजेरी पाहिजे. त्याच्या खाली गेलं की एकही रुपया नाही.

मालकांचा यावर विश्वास नव्हता. "सरकार पोरीला बसायचे पैशे देतं व्हय? बरं. पैशे हातात पडले तर पोरीला पाचवीला घालीन. नाय पडले तर तुमी पुन्ना माझ्या दारात बसायचं नाय. कबूल?"

"कबूल," मोठे गुरुजी म्हणाले. बोटांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडे वळले. "हिराची आई, आता बुडवायला फार दिवस हातात नाहीत. तिला एकही दिवस चुकवू देऊ नका."

मला दुसरं काही नको होतं. माझी चौथी झाली होती. हिराला पाचवीच्या वर्गात बसलेली बघायची होती. दहावी, कॉलेज असलं काही डोक्यात नव्हतं. पाचवी. माझ्यापुढे एक वर्ग.

पहिल्या परिषदेला मी एकटी तीस माणसांना पुरी पडेना. चूल शाळेच्या मागच्या पडवीत, पाणी हापशावर. मी गुरुजींना कसंबसं विचारलं, "संगं कोण?"

ते तक्ता चिकटवत होते. मान न वळवता म्हणाले, "हिरा आहे की. शाळेच्या आवारातच तर आहे ती."

मला ते पटलं. खरंच, ती शाळेतच होती. चौथीच्या वर्गापासून चूल पंधरा पावलांवर. ती कळशी घेऊन वर्गासमोरून जायची, गुरुजींच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची. ते म्हणायचे, "शाब्बास." हजेरीच्या परिषदेत पाणी वाढणारी मुलगी गैरहजर धरली जाईल, असं माझ्या मनात कसं येणार? त्यांच्याही आलं नाही. परिषद मोठी असली की आदल्या दिवशी सारवण, पाणी भरणं, भाजी निवडणं असायचं. तेव्हाही हिरा माझ्याबरोबर.

त्याच हिवाळ्यात पंचवटीत विभागाचा मोठा मेळावा ठरला. चार-पाच जिल्ह्यांचे शिक्षक आणि अधिकारी, तीन दिवस, एका मंगल कार्यालयात. विषय तोच. तो सगळा मोठ्या गुरुजींच्या डोक्यातून निघाला होता, आणि ते महिनाभर झोपले नसतील. अधिकाऱ्यांना डोंगराकडचं जेवण हवं होतं, म्हणून नागलीच्या भाकरी करायला मला नेलं. माझ्याबरोबर हिरालाही. तीन दिवस.

तिथे भाकऱ्या थापताना मोठ्या गुरुजींची बायको भेटली. त्यांचं घर पंचवटीतच, भाजीबाजाराच्या मागे. त्यांचं लग्न झालेलं आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. बाई माझ्याजवळ पाटावर बसली, एक भाकरी मोडून खाल्ली आणि म्हणाली, "तुमच्या गावाला असतात ना हे?"

मी मान हलवली.

"रोज?"

"शाळेतच झोपतात."

"बरं आहे. कुठेतरी हजर आहेत म्हणायचं." मग हसली. "आमच्या घरी ह्यांची हजेरी तीन चतुर्थांश कधी भरलीच नाही बघा. मला सरकारने रुपया दिला असता ना, तर ह्यांच्यामुळे तोही बुडला असता."

मी पदर तोंडाला लावून हसले. त्या तीन दिवसांत तेवढंच हसले असेन.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या स्वागताला एक मुलगी हवी होती. गुरुजी धावत स्वयंपाकघरात आले, हिराचे पिठाचे हात आपल्या रुमालाने पुसले आणि तिला स्टेजवर घेऊन गेले. मी पडद्याआडून बघत होते. तिने साहेबांना फूल दिलं. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून माइकमधून सांगितलं, "ही आमच्या केंद्रातली हिरा. हिचे आईवडील बागांना जाणार होते. आज गेले दोन महिने हिने एकही दिवस शाळा बुडवलेली नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंचवटीत टाळ्या वाजत होत्या तेव्हा आमच्या गावच्या शाळेत तिच्या नावापुढे गैरहजर लागलं होतं. मला त्या वेळी अभिमान वाटला. ते लिहायला आता लाज वाटते.

आता जे लिहिते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. मालकांना नाही, हिराला नाही.

मेळाव्यानंतर काही दिवसांनी मी मोठ्या गुरुजींना चहा द्यायला ऑफिसात गेले. टेबलावर चौथीचा हजेरीपट उघडा होता. मला वाचता येतं. मी हिराचं नाव शोधलं आणि त्याच्या ओळीत बोट न लावता बघत गेले. परिषदांच्या तारखा मला पाठ होत्या, मीच चूल पेटवायची. त्या प्रत्येक तारखेखाली लाल शाईत ‘गै’. मेळाव्याचे तीन दिवसही, ओळीने तीन ‘गै’. वर्गशिक्षकाचा दोष नव्हता. त्याने नाव पुकारलं, वर्गातून ओ आली नाही, त्याने लिहिलं.

मोठे गुरुजी कोणा अधिकाऱ्याशी बोलत होते. मी कप ठेवला आणि उभी राहिले. शब्द जुळवत होते. गुरुजी, ही तर इथेच होती. एवढंच म्हणायचं होतं.

त्यांनी वर बघितलं. "काय हो? साखर कमी आहे का?"

"नाय," मी म्हटलं आणि बाहेर आले.

मग मी मनाला समजावलं. मोठी माणसं आहेत, शेवटी नीट करतील, त्यांनाच तर तिची काळजी. आणि मी तिला वर्गात पाठवलं तर पाणी कोण आणणार, स्वयंपाकाचं काम दुसरीला दिलं तर? त्यानंतर वर्ष संपेपर्यंत दोन परिषदा झाल्या. दोन्ही मोठ्या, आदल्या दिवसासकट. दोन्हींना हिरा पाणी आणत होती. म्हणजे चार दिवस.

एक मेला झेंडावंदन झालं आणि निकाल लागला. हिरा पास झाली, चांगल्या मार्कांनी. मग हजेरीचा रुपया मिळालेल्या मुलींची नावं वाचली. मालक बागांवरून आले होते, धुतलेला सदरा घालून पुढे उभे होते. नावं संपली.

"गुरुजी, आमची?"

मोठ्या गुरुजींनी कागद खालीवर बघितला. "चार दिवस कमी पडले."

"मंग चार रुपये कापा की. बाकीचे द्या."

लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. "तसा नियम नाही."

"ती तर रोज हिथंच व्हती. तुमच्याच पुढ्यात पाणी आनत व्हती म्हनं."

गुरुजी त्यांच्याकडे बघत राहिले. मला अजून वाटतं, त्या वेळी त्यांच्या डोक्यात काहीतरी हललं होतं. पण पट लिहून झाला होता, बेरीज मारून झाली होती, खाली सही त्यांचीच होती. "मागच्या तारखेला खोटी हजेरी मी आयुष्यात लावलेली नाही," ते म्हणाले.

"तुमचा नियम तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल." मग मालक माझ्याकडे वळले. "तू व्हतीस ना तिथं? बोल की कायतरी!"

सगळा गाव माझ्याकडे बघत होता. मी पदराचं टोक दातांत धरलं. हिरा माझ्याकडे बघत होती, ते मला दिसत होतं. मी जमिनीकडे बघत राहिले.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी मोठे गुरुजी आमच्या दारात येऊन बसले. शब्द दिलेला असून बसले. पण हिरा घरात नव्हतीच. मालकांनी तिला शहरात, सातपूरला एका कॉलनीत मूल सांभाळायला ठेवून दिली होती. गुरुजी दुपारपर्यंत उपाशी बसून राहिले, जी मुलगी त्या घरात नाही तिच्यासाठी. मी पाणी नेऊन दिलं, तेही घेतलं नाही.

"हिराची आई, ती कुठे आहे?"

"गेली."

"मग पट अपुरा राहिला," ते म्हणाले, धोतर झाडलं आणि उठले. एवढंच म्हणाले. त्या शब्दाचा मला जितका राग आला तितका मालकांच्या शिव्यांचाही कधी आला नाही. माझी पोरगी त्यांच्या पटातली एक ओळ होती.

पुढचे परिषदांचे स्वयंपाक मी केले नाहीत. मालकांना सातपूरला एका वर्कशॉपमध्ये हेल्परचं काम मिळालं, आम्हीही तिकडेच आलो. मी पाळीवरच्या कामगारांचे डबे करू लागले. हिरा मूल सांभाळायची, मग भांडी, मग एका कारखान्यात पॅकिंगला लागली. सतराव्या वर्षी लग्न झालं. नवरा बरा आहे. तिची मुलगी तान्ही होती तेव्हा ती शेजारच्याच गल्लीत राहायची आणि कामाला जाताना पोर माझ्याकडे टाकायची.

त्याच वर्षी जूनमध्ये, शाळा उघडल्या त्या दिवशी, सकाळी साडेदहाला दारात मोठे गुरुजी. निवृत्त झाले होते, केस पांढरे झाले होते, पिशवी तीच. मी भांडी घासत होते. ते ओट्यावर बसले, पिशवीतून एक जुनी वही काढली आणि म्हणाले, "हिराची आई, चूक निघाली."

प्रत्येक परिषदेत काय झालं ते सगळं ते वहीत लिहून ठेवायचे, भाषणं, ठराव, जेवणाचा बेत. निवृत्तीनंतर त्या वह्या वाचत बसले होते. प्रत्येक परिषदेच्या पानावर खाली त्यांच्याच अक्षरात होतं: ‘पाणी – हिरा.’

"अकरा दिवस," ते म्हणाले. "अकरा दिवस मी तिच्या हातचं पाणी प्यालो. माझ्याच वहीत ती हजर आहे आणि माझ्याच पटात गैरहजर. दोन्हीखाली माझी सही आहे."

मी भांडं घासत राहिले.

"ते धरले तर तिची हजेरी भरत होती. एकूण एकशे पंच्याहत्तर दिवस होतात." त्यांनी खिशातून एक रुपया काढला आणि ओट्यावर ठेवला.

मालक खाटेवर पडून ऐकत होते. "गुरुजी, एकशे पंच्याहत्तर म्हनता आन् एकच ठेवता?"

"दिवसाचा रुपया आहे. दिवसाला देणार. शाळेच्या दिवशी. रविवारी नाही, सुट्टीत नाही."

"आन् एवढ्या वर्साचं व्याज?"

"नियमात नाही."

मालक भिंतीकडे तोंड करून झोपले.

तेवढ्यात पिशवीत घड्याळ वाजलं. दहा चाळीस. गुरुजी माझ्या ओट्यापुढे उभे राहिले, डोळे मिटून. गल्लीतल्या बायका बघायला लागल्या. मग त्यांनी वही पुढे केली, मी सही केली आणि ते गेले. पंचवटीहून सातपूरला बसने यायचं, दोन बस बदलायच्या, तिकिटाला रुपयाच्या कितीतरी पट पैसे घालवायचे आणि एक रुपया द्यायचा. तोवर रुपयाला गोळीशिवाय काही येत नव्हतं.

ते रोज आले. पावसाळाभर आले, छत्रीतून पाणी गळत असताना आले. रोज विचारायचे, "हिरा आहे?" मी म्हणायची, "कामाला गेली." हिराला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती पोरीला टोपडं घालत होती. म्हणाली, "त्यांना सांग, मी गैरहजर आहे."

मी चहा विचारायची. ते दाराकडे बघायचे, हिरा नाही हे बघायचे आणि नको म्हणायचे. गल्लीत त्यांना रुपयावाला बाबा म्हणू लागले. एकदा दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हातात कागद घेऊन. तापामुळे गैरहजर राहिलो, रजा मंजूर व्हावी, असा रीतसर अर्ज. वर लिहिलं होतं, ‘मा. हिराची आई यांस.’ मला आयुष्यात कोणी अर्ज केला असेल तर तो तेवढाच. तो मी ठेवला आहे. का ठेवला, ते माहीत नाही.

रोज त्या वहीत सही करताना माझ्या जिभेवर यायचं. गुरुजी, मला माहीत होतं. तुमच्या आधी मी तो पट वाचला होता. शेवटचे चार दिवस तुमचे नाहीत, माझे आहेत. दिवसाला एक संधी होती, आणि एकाही दिवशी मी बोलले नाही.

होळी जवळ आली तेव्हा एकशे चौऱ्याहत्तर झाले. शेवटच्या दिवशी हिराच्या कारखान्याला सुट्टी होती. मी तिला काही म्हटलं नव्हतं, तीच आली. पोरगी कडेवर घेऊन दाराशी उभी राहिली. गुरुजींनी तिला ओळखलं नाही. मग ओळखलं आणि उठून उभे राहिले. मी चहा टाकला.

त्यांनी रुपया तिच्यापुढे धरला. तिने घेतला.

"पुरे झाले का, गुरुजी?"

"झाले. एकशे पंच्याहत्तर."

"मग आता मी पाचवीत बसू?"

ती चेष्टा करत नव्हती, भांडतही नव्हती. दहा वर्षांची असताना विचारायचं राहून गेलेलं विचारत होती. गुरुजींनी वही उघडली, मिटली. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, निदान चुकलो म्हणेल.

"वयाची अट आहे," ते म्हणाले.

हिराने मान हलवली. रुपया माझ्या हातात दिला आणि पोरीला घेऊन निघून गेली. चहा उकळून वर आला होता. मी एक कप गाळून गुरुजींपुढे ठेवला. त्यांनी रिकाम्या दाराकडे बघितलं आणि कप तसाच राहू दिला. मग वही माझ्यापुढे सरकवली. मी शेवटची सही केली. तिच्याखाली त्यांनी लाल पेन्सिलने दोन रेघा मारल्या.

रुपया मी डब्यात टाकला. मोठ्या गुरुजींचे पैसे त्या दिवशी पूर्ण फिटले. त्यांचे.